खिळा

देवणीच्या बाजारगल्लीत दुकान.
पाटीवर बापाचं नाव, काउंटरमागं मी,
पुढं पाकिटांच्या माळा,
लाल, हिरव्या, चंदेरी,
वारं सुटलं की कुरकुरणाऱ्या.
आत हवा किती, ते मला विचारा.
खोक्यावर खोकं रचताना
हमालाला घामसुद्धा येत नाही.

गेल्या संक्रांतीला मला साखर निघाली.
पोरसवदा डॉक्टर, त्यानं विचारलं, "धंदा?"
"किराणा," म्हणलं.
तो हसला नाही.
"विकता ते कधी वाचता का?"

वाचायचं कसं? अक्षर मुंगीहून बारीक,
चष्मा माझा उधारीच्या वहीपुरता.
मधल्या सुट्टीत आरेफा आली, सातवीतली.
म्हणलं, वाच की मोठ्यानं,
आजचं पाकीट तुला फुकट.

ती धड्यासारखं वाचू लागली.
मक्याचं पीठ. पामतेल. मीठ. साखर.
इथवर ठीक, हे माझ्याच पोत्यातलं.
मग आकडे आले.
सहाशे सत्तावीस. सहाशे एकतीस.
तीनशे तीस. पाचशे. रंग एकशे दहा.
थांबली. "मामा, ही कुणाची उधारी हाय?"

मी हसलो, अन् हसू गालातच राहिलं.
चाळीस वर्षं आकड्यांत गेली.
साडेतीनशे म्हणजे गुंडप्पा सुताराचं तेलमीठ,
अकराशे म्हणजे नागरबाईच्या नातवाचं बारसं.
एकूणएक आकड्यामागं माणूस ठाऊक.
हा सहाशे सत्तावीस कोण?

मेडिकलवाल्या सुग्रीवला गाठलं.
तो म्हणाला, तीनशे तीस म्हणजे लिंबातला आंबटपणा,
पाचशे तर पापडखाराच्याच घरातला.
आकडा दिसला की साप साप करू नका.
सहाशेवाले दोघं जिभेच्या कानात बसतात,
म्हणत राहतात, अजून एक, अजून एक.
अन् एकशे दहा नुसताच रंग.
त्याला ना चव, ना काम.
"मग भ्यायचं कशाला?"
"भिऊ नका, मोजा.
पोरगं दिवसाला किती खातं,
अन् ते खाल्ल्यावर घरी काय खात नाही."

दुपारी पडद्यामागं मी जेवायला बसतो.
ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी,
तिच्यावर करडीच्या तेलाची लसणाची फोडणी,
बाजूला कारळाची चटणी.
काउंटरवर पाचाचं नाणं वाजतं.
घास ताटात ठेवून उठतो,
माळेतली दोन पाकिटं ओढून देतो,
हात धुतो, परत बसतो.
हात का धुतो,
हे कुणी विचारलेलं नाही अजून.

माळा फेकून दिल्या म्हणालो तर खोटं होईल.
एजन्सीचा टेम्पो मंगळवारी येतोच.
दुकानाचं लाइटबिल त्याच माळेतून निघतं.
मी एवढंच केलं,
खिळा उपटला
अन् हातभर वर ठोकला.
खाली, लेकरांच्या नाकासमोर,
फुटाण्यांची बरणी, भाजक्या शेंगांची,
अन् ताटलीत गुळाचे खडे.
पहिल्या आठवड्यात गिऱ्हाईक म्हणून
गुळाला मुंग्या तेवढ्या आल्या.

आता पाकीट हवं असलं की मागावं लागतं.
मी काढतो, म्हणतो, आधी मागचं वाच.
आरेफाचा धाकटा, तौफिक,
नारिंगी जीभ ओठावर फिरवत
सहा... दोन... सात... करत बसतो.
काल वैतागून म्हणाला,
"एवढं वाचायचं असंल तर नको मामा,
फुटाणे द्या. त्याच्यावर काय लिवलेलं न्हाई."

मी माप जरा सैल सोडलं.

आरेफा मात्र मागत नाही, वाचतही नाही.
दप्तर पायरीवर टाकते अन् उडी मारते.
दोन बोटं कमी पडतात अजून.
पुढच्या साली पुरेल तिचा हात.
मी हातोडी गल्ल्यापाशीच ठेवलीय,
पण वर बघतो तर
पत्रा आता वीतभरच राहिलाय.