इनकमिंग फुकट

गोंडोलाच्या रांगेसमोर माझी टपरी.
हातमोजे, ओठांचं मलम, सिगारेटी,
आणि काचेखाली नखाएवढी सिमकार्डं,
दहा लेवांना एक.

सकाळी आठला पाहुणे येतात,
खांद्यावर स्की, पायांत ते जड बूट,
फरशीवर घोडे चालवल्यासारखे.
भाव विचारतात. मी पाटी दाखवते:
बान्स्कोतल्या बान्स्कोत इतके,
देशाबाहेर मिनिटाला इतके,
आणि सगळ्यात खाली, माझ्या अक्षरात,
आलेला फोन फुकट.

फुकट म्हणजे पलीकडच्याने भरलेला.
ते पाटीवर मावत नाही.

ज्याची त्याची युक्ती.
एक आयरिश मुलगी नुसती रिंग देऊन ठेवून द्यायची,
मग तिचा बाप कुठलंसं स्वस्त कार्ड खरवडून
उलट फोन करायचा.
थेस्सलोनिकीची पोरं तोदोर्काच्या माथ्यावर जाऊन
फोन हवेत धरायची.
म्हणायची, तिथे आमच्याकडची रेंज सापडते.
मला काही पटलं नाही.
पण एक जण आईशी भांडताना दिसला खरा.

आमचीही युक्ती आहे.
माझी रालित्सा आल्मेरियात,
प्लास्टिकच्या मांडवाखाली ढोबळ्या मिरच्या भरते खोक्यांत.
रविवारी एक रिंग : ठीक आहे.
दोन : पैसे पाठवलेत.
तीन : आई, उचल.
तीन कधी वाजल्या नाहीत.
मी मोजते तरी.

फेब्रुवारीत तो वेल्सचा माणूस आला, एम्रिस.
पन्नाशीचा, स्कीपेक्षा पडण्यातच जास्त.
सुटी नाणी मोजून सिम घेतलं.
रोज साडेचारला, लिफ्ट बंद झाली की,
वारा लागू नये म्हणून माझ्या छपराखाली उभा राहायचा,
आणि घड्याळ बघत तीन मिनिटं ओरडायचा :
एइरा, माम! एइरा!
मला वाटलं, बहिणीचं नाव असेल.
तिसऱ्या दिवशी विचारलं.
त्याने कॉलरवरचा बर्फ उचलून दाखवला. हे.
म्हातारी विसरते. रोज पहिल्यापासून.
तू कोण, कुठे आहेस, कशाला गेलास,
दोन मिनिटं त्यातच जातात.
मग विचारते, बर्फ पडतोय का.
तेवढं ऐकलं की खूश.

जाताना सिम काढून काउंटरवर ठेवलं.
अकरा मिनिटं उरलीत, म्हणाला, तुमच्या मुलीला.

अकरा मिनिटं!
मी एका पाकिटामागे पेन्सिलीने लिहून काढलं :
दात. पगार कापला तो. खोलीतली दुसरी बाई.
ज्याचं नाव ती घेत नाही, तो माणूस.
सिम जुन्या फोनमध्ये घातलं,
आणि आज नको, रविवारी, म्हणत
तीन रविवार घालवले.

मार्चातल्या एका शनिवारी, साडेचारला,
तो जुना फोन वाजला.
लांबलचक नंबर. पातळ आवाज.
ती बोलत राहिली, मी हं हं करत राहिले,
एक अक्षर कळत नव्हतं.
मग थांबली,
आणि तो एकच शब्द, प्रश्न करून.

बाहेर छपरं गळत होती.
उतारावर चिखल, मधोमध एक कुत्रं.
एइरा, म्हटलं मी. एइरा, एइरा,
आणि हाताने दाखवलं इतका इतका,
जणू तिला दिसणार होता.
पलीकडे ती हसली. ठेवून दिला.
अकरा मिनिटं तशीच.
आता तो फोन साडेचारला चार्जरवर असतो.

दुसऱ्या दिवशी रालित्साची रिंग आली,
आणि पहिलीलाच मी उचलला.
आई! उचललास का? पैसे पडतात!
मी यादी शोधत होते.
वरची फळी, खालची फळी.
विकलं होतं ते पाकीट, कोणा पोलिश बाईला.
आई? काय झालं? बोल ना!
दात, म्हटलं.
दात कसा आहे तुझा?