अनंताचं दुखणं

अनगोळच्या परसात अनंत पिवळा पडलाय.
कळ्या धरतो, फुगवतो,
उमलायच्या आदल्या रात्री गाळतो.

पान उलटून पाहिलं. मावा नाही, कोळी नाही.
शिरा तेवढ्या हिरव्या,
वाळल्या शिवारातल्या पाटांसारख्या.
खानापूरची तांबडी माती घातली,
ताक ओतलं, पाणी तोडलं, पुन्हा दिलं.

निंगव्वा कुंपणावरून म्हणाली,
"बेर नोड्री! पान काय बघतायसा?"

खुरप्यानं मुळाशी उकरलं.
वीतभर खाली चुना,
पाडलेल्या न्हाणीघराचा राडारोडा.
टेम्पोचं भाडं वाचवायला
मीच पुरलेला.

सांगत होता तो,
रोज एक कळी टाकून.
मी झाडून काढत होतो.

निंगव्वानं विटांचे तुकडे निवडले,
चुलीला होतील म्हणाली.