असू दे

ज्याच्यासाठी हे अवजार करते आहे
त्याला डोळे नाहीत.
त्याला खोली दिसत नाही, खोलीची यादी दिसते:
बाक, बाकाचा बाप, बापाचा बाप,
आणि प्रत्येकापुढे तीन आकडे –
किती उजवीकडे, किती वर, किती आत.

पूर्वी तो ही यादी स्वतःच लिहायचा, एकटाकी,
ओळखक्रमांक मनाने ठोकून द्यायचा.
फाईल उघडायला जावं तर इंजिन गप्प.
किंवा उघडायची, आणि सगळं सामान
शून्य शून्य शून्यवर, एकमेकांच्या पोटात:
खुर्चीत चूल, चुलीत झाड, झाडात मासा.
तावेत्ती खदाखदा हसला होता,
मग दिवसभर निस्तरत बसला.

म्हणून हे अवजार.
तो फक्त सांगेल: भिंतीला दिवा लाव.
नाव, क्रमांक, कोण कोणाच्या पोटी,
ते हे बघेल.

नोव्हेंबर. तांपेरेत साडेतीनलाच अंधार.
जुन्या सूतगिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही पाच जण,
खाली धबधब्याचा आवाज, वर हीटरचा.
मी चुकांचे निरोप लिहिते आहे.
सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला.
'चूक आहे' एवढंच सांगितलं
की तो तीच चूक पुन्हा करतो, जास्त नम्रपणे.
मग लिहिलं:
'भिंत_उत्तर' नावाचं इथे काही नाही.
'उत्तर_भिंत' आहे. तीच म्हणायची आहे का?

ज्याला लाज नाही त्याच्याशीही असंच बोलावं लागतं
हे मला चाळिशीत कळलं.
माझ्या वडिलांना कधीच कळलं नाही.
ते शाळेत गणित शिकवायचे.

बाप हलला की लेकरं हलतात,
इथला कायदा एवढाच.
टेबल सरकवा, कप सरकतो, कपातला चमचाही.
टेबल पुसून टाकायचं म्हटलं
तर मी एक प्रश्न घातला आहे:
याच्या पोटी नऊ जण आहेत. नक्की?
तो दरवेळी नक्की म्हणतो.
मी दरवेळी आधीची प्रत ठेवते, त्याला न सांगता.

गुरुवारी त्याला पहिलं खरं काम दिलं:
तळ्याकाठची सौना, रात्र, आत कोणी नाही,
पण कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं.
एक्केचाळीस सेकंद.
एकशे बारा वस्तू, एकही अनाथ नाही.
दार उघडत होतं. भट्टीत निखारे,
खिडकीत तळं,
बाकापुढे लाकडी बादली, नेमकी मधोमध,
बादलीत पळी, नेमकी उभी.

तावेत्तीने अकरा वर्षं हाताने दगड मांडले आहेत.
एका आख्ख्या बेटाचे. त्यातले काही तो नावाने ओळखतो.
तो बराच वेळ आत फिरला.
चांगली आहे, म्हणाला.
मग म्हणाला, पण इथे अजून कोणी आलेलंच नाही.
माऊस धरून बादली जराशी डावीकडे नेली,
उठणाऱ्याच्या पायाने सरकावी तेवढी.
पळी कलती केली.
जाकीट चढवलं आणि बस गाठायला पळाला.

मी फाईल उघडली. दोन ओळी बदललेल्या.
उणे ०.०४,
आणि अकरा अंश.
अवजारात शोधलं, यासाठी काही केलंय का मी.
'डावीकडे' आहे, 'जवळ' आहे, 'जमिनीला टेकव' आहे.
'कोणीतरी उठून गेलं' नाही.

शुक्रवारी सकाळी त्याचा निरोप:
बादली मध्यापासून चार सेंटिमीटर ढळलेली आढळली.
पळी कललेली आढळली.
दोन्ही दुरुस्त करू का?

कॉफी गार होईपर्यंत मी ते वाचत राहिले.
तावेत्ती यायचा होता.
मग एक नवी खूण घातली,
कुठल्याही वस्तूला लावता येईल अशी.
नाव सुचेना. ओर्वोक्की म्हणाली, 'कुलूप' ठेव,
सगळीकडे तेच असतं.
कुलूप नव्हे गं.
आईचा एक शब्द होता, हात झटकत म्हणायची,
कप फुटल्यावर, पाहुणे न आल्यावर.
तोच ठेवला: 'असू दे'.

बादलीला लावला. पळीला लावला.
त्याने विचारलं, कारण काय नोंदवू?
तो रकाना रिकामा सोडता येत नाही,
नियम माझाच.

मी लिहिलं: पाय लागला.