फुलनारी

ग्रामपंचायतीच्या फाटकाशी फलक लावायचा ठरला.
सरपंच वनिताबाई म्हणाल्या,
सर, गावाचा इतिहास द्या, चार ओळींत.
पेंटर ओळीवर पैसे घेतो.

खापरझरी, तालुका सावनेर, जिल्हा नागपूर.
पहिली ओळ पत्त्यातच गेली.

मग विचारत फिरलो.
मंगरू उईके म्हणाला, लिवा,
आमी पयले आलो. बाकी सारे मंग.
आणि बिडी पेटवली.
त्याच्यापुरता इतिहास संपला होता.

खुरग्यांच्या पेटीत मालगुजाराची पावती निघाली.
वाळवीने नेमकी तारीख खाल्लेली,
रक्कम मात्र शाबूत.
सुलभा सोमकुंवरने विहाराच्या वर्गणीची वही दाखवली:
रुपया दोन आणे, पायलीभर ज्वारी,
आणि एका नावापुढे
नुसतं ‘दोन दिवस गारा कालवला’.

विहिरीवर प्रत्येकाला बोलायचं होतं.
छोट्या लाइनीच्या कडेची, काळ्या दगडाची विहीर.
काठावर शेंदूर फासलेला एक दगड,
तीच फुलनारी.
शुक्रवारी बाया तिच्यापुढे
उकडलेला बटाटा ठेवतात.
अख्ख्या तालुक्यात कुठल्या देवीला
बटाटा चालतो, मला ठाऊक नाही.

तानाबाई ढोमणे, वय तिच्या मते शंभराला चार कमी,
ओट्यावर तूर पाखडत म्हणाली,
माह्या आजीनं त्या लाइनीवर गिट्टी वायली.
साहेब होता एक, लाल केसाचा,
उन्हानं टमाट्यासारखा झालेला.
दुपारी दोन बटाटे उकडे.
एक खाय.
एक विहिरीच्या काठावर ठेवे.
कोनासाठी, त्यालेच मालूम.
तो गेला. आजीनं ठेवनं सोडलं नाही.

साहेबाचं नाव?
फुलनारी म्हनत ना, बाप्पा.

मग देवी कशी झाली?
नाव बाईचं हाय,
त देवीच होईन ना रे मास्तर.

मोतीबागेत एका निवृत्त बाबूने
धूळ झटकून रजिस्टर काढून दिलं.
फ्लॅनरी, ओव्हरसियर. राहणार आयर्लंड.
पुढे गावाचं नाव आहे,
त्यावर शाई सांडली आहे.
विहीर, खापरझरी, खर्च दोनशे बारा रुपये.
रजेचा अर्ज: आई आजारी.
शेरा: बदली माणूस मिळेपर्यंत नाही.
पुढचं पान नाही.

त्याने विहिरीवर कुणाला अडवलं नाही, म्हणतात.
गिट्टी वाहील तो पाणी पिईल.
तो गेला, आणि आठवड्याच्या आत
गावाने आपापले रहाट वेगळे केले.
सोमकुंवरांना पुन्हा ओढ्याचा झिरा.
सत्तावन्न साली सुलभाच्या आजोबांनी
भर दुपारी त्याच विहिरीत पोहरा सोडला.
तीन दिवस गाव तिथलं पाणी प्यालं नाही.
चौथ्या दिवशी तहान लागली.

हे कुठल्या ओळीत बसवू?

लाइन आता उखडली आहे.
रूळ ट्रकवर चढले तेव्हा
पोरं मागे धावली, उगाच, टाटा करत.
विहिरीवर पंचायतीची जाळी आली,
बटाटा जाळीवर ठेवावा लागतो.
कधी माकड नेतं.
बाया म्हणतात, पोचला.

मी चार ओळी लिहिल्या.
आठ झाल्या. वनिताबाईंनी पाच पास केल्या.
साहेब गेला, आजोबा राहिले,
कारण सुलभा पंचायतीत सदस्य आहे
आणि तिने आवाज चढवला.
शेवटची ओळ:
गावात फुलनारीची विहीर आहे.

पेंटर ब्रश पुसत म्हणाला,
सर, देवीच्या आधी श्री लावू का सौ.?
मी बराच वेळ त्या अक्षरांकडे पाहिलं.
म्हटलं, नुसतं नाव राहू दे.

त्याने आपल्या मनाने शेजारी
एक पिवळं फूल काढलं.
त्याचे पैसे घेतले नाहीत.