ता. क.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सानपाड्यात,
सोसायटीच्या ऑफिसात, पंपाच्या घरघरीशेजारी
आम्ही पत्रं लिहायला बसतो
ज्यांची नावं आम्हाला ठाऊक नाहीत अशा माणसांना.

लोखंडेबाई नियम वाचतात:
कुठे आहात, विचारायचं नाही.
आडनाव नको, फोन नंबर नको, चमकी चिकटवायची नाही.
मरणाबद्दल काही नको. शहीद हा शब्द तर नकोच.
आणि रडगाणं नको, त्यांना त्यांचं पुरेसं आहे.

तपासणी माझ्याकडे.
एकतीस वर्षं वाशीच्या पोस्टात शिक्के मारले,
दुसऱ्याचं पत्र कधी उघडलं नाही.
आता उघडीच येतात,
आणि माझ्या हातात काळं स्केचपेन.

चाळीस पत्रं. छत्तिसांत तेच वाक्य:
तुम्ही जागता म्हणून आम्ही शांत झोपतो.
खरं तर पामबीच रोडवरच्या मोटारसायकलींमुळे
रात्री दोनपर्यंत इथे कुणाचा डोळा लागत नाही.
पण खोटं खोडायचा नियम नाही.
जाऊ देते.

मग सुयोगचं पत्र. बी विंग, इयत्ता चौथी.
"काका, आमची लिफ्ट दसऱ्यापासून बंद आहे.
सहाव्या मजल्यापर्यंत एकशे आठ पायऱ्या आहेत, मी मोजल्या.
आई चौथ्यावर थांबते
आणि मोबाईल बघतेय असं दाखवते.
तुम्हाला किती चढाव्या लागतात?"

हे रडगाणंच की, लोखंडेबाई म्हणाल्या.
मी टोपण काढलं.
पहिल्या ओळीपासून सुरुवात करणार होते,
पण शेवटची आधी वाचली होती.
आडनाव तेवढं खोडलं. टोपण लावलं.

फेब्रुवारीत उत्तर आलं.
चार वर्षांत पहिलंच.
वहीचा फाडलेला कागद, एका कोपऱ्यावर चहाचा डाग,
खाली नाव नाही.

"बाळा, आम्ही पायऱ्या मोजत नाही, कारण इथे पायऱ्या नाहीत.
आईला सांग, आम्हीही मध्येच थांबतो
आणि डोंगर बघतोय असं दाखवतो.
आम्ही नऊ जण आहोत. तुझं पत्र सगळ्यांनी वाचलं.
पाच जण म्हणतात, लिफ्ट एव्हाना सुरू झाली असणार.
चार जण म्हणतात, सोसायटी आहे, कसली होतेय!
पैज लागली आहे. हरणाऱ्यांनी महिनाभर भांडी घासायची.
लवकर कळव."

लिफ्ट बंदच होती.
सेक्रेटरींना मी तो कागद दाखवला.
त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचला,
आणि "भांडी?" एवढंच म्हणाले.

मग दोन बैठका, एक भांडण,
प्रत्येक घरामागे अठराशे रुपये,
मार्चमधल्या एका गुरुवारी नवी मोटर.
सुयोग अकरा वेळा वरखाली गेला, वॉचमनने कान धरून बाहेर काढला.
त्याची आई सवयीने
चौथ्यावर उतरली म्हणतात.

उत्तर मी स्वतः लिहायला घेतलं
तेव्हा लोखंडेबाईंचा फोन आला.
ती तुकडी हलली आहे.
कुठे, ते विचारायचं नाही.

आता या रविवारी एक्केचाळीस पत्रं निघतील.
कुठल्या पेट्या, कुठला बर्फ, कुठली वाळू,
कुठलं जहाज, देव जाणे.
मजकूर ज्याचा त्याचा:
कुणाची मांजर व्यायली, कुणाला गणितात चौदा,
कुणी तळ्यावर रोहित पाहिले, गुलाबी कमी, राखाडीच जास्त.
आणि प्रत्येकाच्या तळाशी, माझ्या अक्षरात:

ता. क. लिफ्ट सुरू झाली.

कुणीतरी कुठेतरी टॉर्चच्या उजेडात वाचेल,
कागद उलटून पाहील,
शेजारच्याला विचारेल, कसली रे लिफ्ट?

विचारू दे.
चौघे पैज हरले आहेत.
त्यांना कळायला नको?