दवबिंदू उणे साठ

आमचं गाव उकळत्या झऱ्यांचं.
पुलाखालच्या कुंडात म्हातारी माणसं
मानेपर्यंत वाफेत बसून
एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करतात.
जूनभर पाऊस. तातामीला बुरशीचा वास,
मिठाच्या बरणीत भाजलेले तांदूळ,
आणि आईची एकच तक्रार :
काही म्हणून वाळत नाही.

या गावात माझी नोकरी
पाण्याला आत येऊ न देण्याची.
(नाव मात्र नागिसा. म्हणजे पाणकाठ.
वडिलांनी ठेवलं, त्यांना काय ठाऊक.)

टेकडीवरच्या प्रयोगशाळेत एक काचपेटी,
आत नायट्रोजन, मीटरवर आकडा :
दवबिंदू उणे साठ.
पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटलं
कुणीतरी थेंबाला सजा सुनावली आहे.
तेव्हापासून चेहऱ्याला क्रीम नाही, अत्तर नाही,
हातमोज्यांवर हातमोजे,
तोंडावर पट्टी, आणि तिच्याआड माझा श्वास,
ज्याच्या एका फुंकरीत
त्या कणाच्या सगळ्या पाण्याहून जास्त पाणी.

कण तिळाहून लहान. कोळशाहून काळा.
लघुग्रहावरून डबीत बसून आला,
साडेचारशे कोटी वर्षांचा,
आणि मंगळवारी दुपारी माझ्या चिमट्यातून उडाला.

कोरड्या हवेत वीज साचते.
बाहेर छत्र्या उलट्या होत होत्या,
आत मी तीन तास
काचेच्या तळाशी डोळे लावून.
थोडीशी ओल असती
तर उडालाच नसता.
शेवटी सापडला तो माझ्याच अंगठ्याला चिकटलेला,
रबराच्या सुरकुतीत, लपलेल्या मुलासारखा गप्प.

इवाकिरी-सान ओरडले नाहीत.
त्यांनी आयनांच्या धारेने त्याचा एक काप काढला,
कांद्याचा पापुद्रा ज्यापुढे भिंत वाटावी असा,
आणि पडद्यावर बोट ठेवलं :
ही कड बघ. इथवर ऊन पोचलं.
फोड आलेत, लोखंडाचे मणी झालेत,
होतं ते पाणी उडून गेलंय.
आणि कडेच्या खाली?
खाली अजून ओलं आहे, म्हणाले.
ओलं म्हणजे भिजलेलं नव्हे. मातीच्या पानापानांत
बांधून ठेवलेलं पाणी.

मला वडिलांची मान आठवली.
ते पाथरवट. थडगी घडवायचे,
पावसाने नाक-डोळे पुसलेल्या जिझोंना
पाठीमागून छिन्नी लावून बघायचे :
तोंडावरून दगड कळत नाही, पोरी.
अर्धांगवायूनंतर मी त्यांना न्हाऊ घातलं
तेव्हा मान रापलेली, जुन्या कौलासारखी,
आणि कॉलरच्या रेघेखाली एकदम
सोललेल्या मुळ्यासारखी पांढरी पाठ.
साठ वर्षं तिथे ऊन गेलंच नव्हतं.
मी साबण हातात धरून बराच वेळ उभी.

इवाकिरी-सान सांगत होते,
दुसऱ्या एका लघुग्रहाच्या कोरड्या ठणठणीत कणांत
उलटंच झालं होतं.
सूर्याकडून वाऱ्यासारखा हायड्रोजन आला,
दगडाने आपला ऑक्सिजन दिला,
आणि कडेत पाणी तयार झालं. नखभरही नाही,
पण नव्हतं तिथे.

मी विचारलं, मग ऊन कड घेतं तरी कुणाची?
त्यांनी चष्मा काढला, बाहीला पुसला.
ज्याची मिळेल त्याची, म्हणाले,
आणि दिवा बंद करून जेवायला गेले.

नोंदवहीत मी लिहिलं :
कण हरवला, दोन चाळीस. सापडला, पाच पन्नास.
कारण : स्थिर विद्युत.
कारणापुढे जागा उरली होती. ती तशीच ठेवली.

घरी आले तेव्हा मोजे ठिबकत होते.
आई हीटरपुढे उशीचे अभ्रे धरून बसलेली.
काय सापडलं आज? तिने विचारलं.
पाणी, मी म्हटलं.

तिने एकदा दोरीकडे पाहिलं,
एकदा खिडकीकडे,
आणि अभ्रा उलटा करून
दुसरी बाजू शेकायला घेतली.