प्रश्न उद्भवत नाही

कवडूजींचे प्रश्न मी लिहायचो.
अक्षर माझं, सही त्यांची.

(अ) हे खरे आहे काय?
(आ) असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?
(इ) नसल्यास, विलंबाची कारणे काय?

पंधरा वर्षं या तीन अक्षरांत आम्ही
अख्खा मतदारसंघ कोंबला:
चिखलापारची जळालेली डीपी, धानाचा बोनस,
वाघानं नेलेल्या गोऱ्ह्याची भरपाई,
आणि दर अधिवेशनात, सगळ्यात शेवटी,
चुलबंदवरचा पूल.

पहिल्या निवडणुकीत निशाणी होती शिलाई मशीन.
तोरेगावच्या टेलरानं दुकानातली खरी मशीन
बंडीवर चढवून सत्तर गावं फिरवली.
नागपुरात, आमदार निवासाच्या एका खोलीत
आम्ही एकवीस जण झोपलो,
साहेब दाराशी, चपलांच्या बाजूला,
पहाटे त्यांनाच आधी उठायचं होतं म्हणून.
पुलाचा प्रश्न तारांकित, क्रमांक त्र्याऐंशी.
तास सातव्यावरच संपला.
लेखी उत्तर आलं: अंशतः खरे आहे.
साहेब हसले, "कोणता अंश रे?
इकडचा काठ का तिकडचा?"

दुसऱ्या वेळी गाडी पांढरी झाली.
दारात माणसं तीच,
खुर्च्या मात्र दोन प्रकारच्या.
'योग्य ती कार्यवाही व्हावी' हे मी
झोपेतही पुटपुटायचो, बायको सांगते.

रेतीघाटाचा प्रश्न त्याच वर्षीचा.
नंबर नसलेले टिप्पर, एका पावतीवर दहा फेऱ्या;
थंडीत धुऱ्यावर बसून मी मोजल्या होत्या.
पहिल्या क्रमांकावर लागला. आयुष्यात पहिल्यांदा.
आदल्या रात्री साहेबांनी बोलावलं.
खोलीत दोन अनोळखी माणसं, संत्र्यांची पेटी,
ताज्या सालींचा वास.
"मागं घेतो म्हणून लिव," म्हणाले,
माझ्याकडे न बघता.
मी लिहिलं.
अक्षर माझं.

तिसऱ्यांदा आले ते काठावर.
चौथ्यांदा सहाशे अकरा मतांनी गेले.
लेटरहेडचे सात गठ्ठे उरले होते.
'आमदार'च्या आधी पेनानं 'माजी' घालायचं कामही माझंच.
आधी दिवसाला वीस, मग आठवड्याला दोन,
मग त्यांच्या नातीनं पाठकोऱ्या बाजूवर हत्ती काढले.

पूल झाला. नव्याच्या काळात.
पत्रिकेत आमचं नाव नव्हतं.
"बरं झालं," साहेब म्हणाले, "आपले गुडघे दुखते."
महिन्याभरानं एका संध्याकाळी
मला घेऊन पायीच निघाले.
मधोमध थांबून कठड्याला हात लावला,
लेकीच्या सासरच्या भिंतीला लावावा तसा,
जपून.
खाली पाणी थोडं, खडक उघडे.
रेती नव्हतीच.

"हिवराज, तो घाटाचा प्रश्न
मागं नसता घेतला तं..."

सवयीनं तोंडातून गेलं,
"प्रश्न उद्भवत नाही, साहेब."

ते काही बोलले नाहीत.
मागून, दिवे न लावता, टिप्पर आला.
आम्ही दोघं कठड्याला चिकटलो.
तो गेल्यावरही पायांखाली पूल
बराच वेळ हलत होता.